दुर्दिन आणि आभाळ

‘दुर्दिन’ म्हटलं की आपल्याला हलाखीचे, पडत्या काळाचे दिवस आठवतात. अमरकोशात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: ढगांनी झाकलेला दिवस. आपल्या दुर्दिनांत दुःख नंतर शिरलं, आधी होते ते नुसते ढग. सूर्य दिसेना म्हणून दिवस वाईट ठरला, आणि पुढे हवेचं वर्णन गळून पडून तेवढा वाईटपणा मागे उरला.

हा शब्द इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरला नेऊन पाहावा. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, उजनी धरणाच्या फुगवट्याजवळचं हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकी, इंदापूर करत तालुक्यातून पुढे जाते तेव्हा डोक्यावर ढग धावत असतात, वारा सुटलेला असतो, आणि पुष्कळदा पाऊस तेवढा नसतो. अशा ठिकाणी ढगाळ दिवसाला वाईट कोण म्हणेल? इथे वाट पाहिली जाते ती त्याचीच.

या वाट पाहण्याचा शब्द आहे ‘आभाळ’. संस्कृत ‘अभ्र’, प्राकृतात ‘अब्भ’, त्यावरून मराठीत ‘आभाळ’. अभ्र म्हणजे ढग. शहरातल्या बोलण्यात आभाळ आणि आकाश एकच झाले आहेत, पण शेतात उभा असलेला माणूस अजूनही ‘आभाळ आलंय’ म्हणतो. आकाश कधी ‘येत’ नाही, ते असतंच. येतो तो ढग. ‘आकाश’ या शब्दाच्या मुळाशी ‘काश्’, म्हणजे चमकणं, प्रकाशणं आहे. एक शब्द उजेडाचा, दुसरा झाकलेपणाचा. ‘निरभ्र आभाळ’ असं आपण सहज लिहून जातो. त्यातल्या ‘निरभ्र’ने ढग नाकारलेला असतो आणि ‘आभाळ’ने तो परत आणलेला असतो. म्हणून कवितेत कवीने आकाश न म्हणता आभाळ म्हटलं असेल, तर तिथे थांबावं. ओळीत ढगाचं नाव नसलं तरी त्याचं वजन असू शकतं.

आता हे आभाळ काय करतं? भरून येतं. ऊरही भरून येतो. ढग दाटतात, तसा कंठ दाटतो. मळभ येतं ते दिवसावर, तसंच मनावर. पूर ओसरतो, दुःख ओसरतं. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, राग निवळतो. यातल्या एकाही ठिकाणी आपल्याला ‘जसा’ किंवा ‘प्रमाणे’ लागत नाही. हवेचं आणि मनाचं क्रियापदच सामाईक आहे, त्यामुळे कवीने उपमा देण्याआधीच भाषेने ती देऊन ठेवलेली असते. ‘भरणे’ आणि ‘भरून येणे’ यांतला फरकही बघण्यासारखा आहे. हंडा आपण भरतो. ऊर भरून येतो, तो आपण आणत नाही. त्या ‘येणे’त आपल्या हाती काही नसल्याची कबुली आहे. पावसापुढे शेतकऱ्याची असते तीच.

‘पाऊस’ या शब्दाचा प्रवास असाच बोलका आहे. तो संस्कृत ‘प्रावृष्’वरून, प्राकृतातल्या ‘पाउस’मधून आला. प्रावृष् म्हणजे वर्षाऋतू. मराठीने ऋतूचं नाव थेंबांना दिलं, आणि ऋतूसाठी ‘पावसाळा’ हा वेगळा शब्द घडवला.

पुढे गावकऱ्यांनी या पावसाला घरातली नाती लावली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तो हत्तीचा पाऊस. खरं तर नक्षत्राच्या नावातला हस्त म्हणजे हात. पण हस्त आणि हस्ती कानाला जवळचे, म्हणून हादग्याच्या खेळात मधोमध हत्ती मांडला गेला. यात फार मोठी चूकही नाही, कारण संस्कृतात हस्तीचा अर्थच ‘हात असलेला’, म्हणजे सोंड असलेला. रब्बी ज्वारीच्या या मुलखात उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरणीची भिस्त असते. त्या दिवसांत आभाळ भरून आलं तर तो दुर्दिन नव्हे, सुदिन.

पण त्याच तालुक्यात डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागाही आहेत. डाळिंबाच्या बागेत फळ धरलेलं असताना ढगाळ, दमट हवा टिकली की तेल्या रोगाची धास्ती. फळाच्या सालीवर आधी तेलकट काळपट डाग उमटतो, तो पसरतो आणि पुढे फळ तडकतं. उभ्या ज्वारीवरही अशा हवेत मावा वाढतो, आणि पानं चिकट्याने चकाकू लागतात. एका बांधाच्या अलीकडे ज्या ढगासाठी डोळे लागलेले, पलीकडे त्याच ढगाने झोप उडालेली. पलीकडच्याला अमरकोशातला दुर्दिन शब्दशः पटेल. उजनीचं तर आणखी वेगळं. १९८० साली पुरं झालेलं हे धरण भरतं ते मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसावर. लोणी देवकरची जमीन कोरडी असताना जवळचा फुगवटा वाढत जातो. इथल्या माणसाला दूरच्या ढगांचाही आनंद होतो.

म्हणून कवितेतल्या ढगाचा अर्थ आधीच ठरवून टाकण्याची सवय मला फार नुकसानीची वाटते. ढग म्हणजे दुःख, पाऊस म्हणजे आनंद, ऊन म्हणजे कष्ट, अशी उत्तरं मुलांकडून पाठ करून घेतली जातात आणि कविता तिथेच संपते. बालकवी खानदेशातले, बोरकर गोव्याचे, महानोर पळसखेडच्या कोरडवाहू रानातले. तिघांच्या ओळींत पाऊस येतो, पण तो तीन वेगळ्या जमिनींवर पडतो. कवितेतलं हवामान वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. हा ढग कोणत्या महिन्यातला? तो कोणत्या जमिनीवर आला आहे? आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या शेतात या घडीला काय आहे? लोणी देवकरच्या शाळेतल्या मुलाला या प्रश्नांची उत्तरं घरातूनच ठाऊक असतात. कविता शिकवताना ती त्याला आधी विचारावीत, आणि प्रतीकांची यादी त्याच्या वहीत नंतर लिहावी.