पकड आणि प्रारंभ : प्रस्तावना

एसव्ही-40 या विषाणूचा सगळा डीएनए अवघ्या 5,243 बेसजोड्यांचा. तरीही आपल्या पेशींत डीएनएची प्रतिकृती कशी सुरू होते याविषयी आज जे माहीत आहे, त्यातला फार मोठा भाग या वर्तुळाकार, इवल्याशा रेणूने शिकवला. या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी इथूनच आत या असे सांगत आलो आहे, कारण इथे पात्रे थोडी आहेत. विषाणूचे एकच प्रथिन, लार्ज टी अँटिजेन, आरंभाची जागा ओळखते, तिथे पकड घेते, डीएनएचे दोन पदर सुटे करते आणि पेशीच्या प्रथिनांना कामावर बोलावते. उरलेली सारी यंत्रणा पेशीची.

विषाणू सापडला तो 1960 मध्ये. बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांना तो ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत दिसला. पोलिओची लस अशाच पेशींत तयार होत असे. त्या काळात अमेरिकेत जाणारी ऱ्हीसस माकडे मोठ्या संख्येने भारतातून जात. पुढे 1972 मध्ये कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी दाखवले, की या डीएनएची प्रतिकृती एका ठरलेल्या जागी सुरू होते आणि तिथून दोन्ही दिशांना सरकत जाते. त्याच वर्षी पीटर टेग्टमायर यांनी तापमान वाढवताच टी अँटिजेन निकामी होईल असे उत्परिवर्ती विषाणू वापरले, तेव्हा प्रतिकृतीच्या नव्या फेऱ्या सुरूच होईनात. 1984 मध्ये जोकिम ली आणि थॉमस केली यांनी पेशींचा अर्क, विषाणूचा डीएनए आणि टी अँटिजेन एवढ्यावर परीक्षानळीत प्रतिकृती घडवून आणली. माझ्या मते या क्षेत्राचा खरा जन्म तो. माणसाच्या पेशी स्वतःचा डीएनए दुप्पट करताना जी प्रथिने वापरतात, त्यांतली कितीतरी याच मिश्रणातून एकेक वेगळी काढली गेली.

आता ती जागा जवळून पाहू. आरंभस्थानाचा गाभा 64 बेसजोड्यांचा आहे. त्याच्या मध्यभागी जी-ए-जी-जी-सी ही पाच अक्षरी खूण चार वेळा येते : दोनदा एका पदरावर, दोनदा समोरच्या पदरावर उलट दिशेने. दर दोन खुणांमध्ये एका बेसजोडीचे अंतर. वाचकाने कागद घेऊन ही 23 अक्षरे खरोखरच लिहून काढावीत : जीएजीजीसी, सी, जीएजीजीसी, जी, जीसीसीटीसी, जी, जीसीसीटीसी. एका खुणेच्या सुरुवातीपासून पुढच्या खुणेच्या सुरुवातीपर्यंत सहा बेसजोड्या भरतात. डीएनएचा एक पूर्ण वेढा साधारण साडेदहा बेसजोड्यांचा असल्यामुळे शेजारची खूण जवळजवळ विरुद्ध बाजूला जाते. सरळ ओळीत वाचताना हे कळत नाही. पिळाचा हिशेब केला की लगेच दिसते.

प्रथिन ही अक्षरे वाचते ते पदर न उलगडता. बेसजोड्यांच्या कडा डीएनएच्या मोठ्या खाचेत उघड्या असतात आणि कोणती जोडी आहे ते या कडांवरूनच ओळखता येते. टी अँटिजेनच्या 708 अमिनो आम्लांपैकी 131 ते 260 या भागाकडे हे काम आहे. त्याची घडण 1996 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी एनएमआर तंत्राने उलगडली. त्यातली दोन वळणे खाचेत उतरतात आणि त्यांच्यावरची 154 व 204 क्रमांकांची आर्जिनिने बेसना हायड्रोजन बंधांनी धरतात.

इथवर आलेल्या वाचकाला विषय संपला असे वाटण्याचा धोका आहे. गणित करून पाहा. चार अक्षरांच्या लिपीत कोणतीही पाच अक्षरी खूण नुसत्या योगायोगाने 1,024 अक्षरांत एकदा यायला हवी, दोन्ही पदर धरले तर 512 बेसजोड्यांत एकदा. म्हणजे एसव्ही-40 मध्येच ती दहा-एक ठिकाणी अपेक्षित आहे आणि माणसाच्या जनुकसंचात साठ लाखांच्या आसपास. तेव्हा खुणेपेक्षा खुणांची मांडणी महत्त्वाची. त्याहून बोलका पुरावा गाभ्याला लागूनच आहे. तिथे याच खुणा वेगळ्या अंतरावर येतात, टी अँटिजेन तिथे अधिक घट्ट बसते, आणि तरीही प्रतिकृती तिथे सुरू होत नाही. त्या पकडीने विषाणूची सुरुवातीची जनुके आवरली जातात, इतकेच. घट्ट पकड आणि प्रारंभ या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि एकीतून दुसरी कशी घडते हाच या क्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे असे मला वाटते.

आरंभस्थानावर एटीपीच्या उपस्थितीत टी अँटिजेनचे बारा रेणू जमतात आणि सहा-सहांची दोन वलये डीएनएभोवती एकमेकांना भिडून उभी राहतात. मग गाभ्याच्या एका टोकाला आठेक बेसजोड्या सुटतात, आणि दुसऱ्या टोकाच्या ए-टी बहुल पट्ट्यातला पीळ सैल पडतो. मात्र 124 क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट नसेल, तर प्रथिन जागेवर बसते पण डीएनए नीट उलगडू शकत नाही. तो फॉस्फेट पेशीचे विकर लावते, तेही पेशी विभाजनाच्या चक्रात असतानाच.

ही घडण सर्व विषाणूंत एकसारखी नाही. पॅपिलोमा विषाणूत काम वाटून घेतलेले दिसते : ई-2 प्रथिन जागा दाखवते, ई-1 तिथे वलय करून पदर सोडवते. एपस्टाइन-बार विषाणूच्या ईबीएनए-1 ला पदर सोडवताच येत नाहीत. ते जागा धरून पेशीच्याच यंत्रणेला तिथे आणते. मराठी वाचकाला यातला पॅपिलोमा विषाणू परका नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेला अभ्यास झाला, आणि एकाच तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात हे 2009 मध्ये त्यातून पुढे आले. त्या तपासणीत शोधला जात होता तो याच विषाणूचा डीएनए, ज्याच्या प्रती ई-1 आणि ई-2 काढवून घेतात. एसव्ही-40 चा जवळचा नातलग बीके विषाणू मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर नवे मूत्रपिंड निकामी करू शकतो, आणि त्याच्यावर नेमके औषध अजून नाही. त्याच्या टी अँटिजेनकडे संशोधक आशेने पाहतात ते यासाठी.

पुढची प्रकरणे वाचायला बारावीचे जीवशास्त्र आणि हायड्रोजन बंधाची ओळख पुरेल. वाद कुठे चालू आहे तेही आधीच सांगून ठेवतो. पहिल्या आठ बेसजोड्या नेमक्या कोणत्या बळाने सुटतात, यावर एकमत नाही. दोन वलये शेवटपर्यंत एकत्र राहून डीएनए आत ओढतात, असे पूर्वी अनेकांना वाटे. 2012 मध्ये एकेका रेणूवर केलेल्या प्रयोगांत सुटे वलयही एका पदरावरून सरकत काम करताना दिसले. तेव्हा जुनी पुस्तके चाळताना दोन वलयांची ती जोडलेली आकृती दिसली, की ती कोणत्या साली काढलेली आहे ते आधी पाहावे.