आजोबांची जीप लढाईतली नव्हती

आज गाडीबद्दल बोलणार आहे. बायकांच्या कार्यक्रमात गाडी कशाला, असं म्हणू नका. आमगाव, देवरी, अर्जुनीच्या रस्त्यांवर काळीपिवळीत कोंबून बसणाऱ्या आपणच ना? त्या काळीपिवळीच्या खानदानाची ही गोष्ट आहे. आणि माझ्या माहेरच्या गोठ्याचीही.

माहेर माझं नवेगावबांधच्या बाजूला. गोठ्यामागे तणसाच्या ढिगाआड आजोबांची जीप उभी आहे. इंजिन कधीचं बंद, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. माय लग्न होऊन आली ती याच जीपमधून. घरात तिचं नाव ‘लढाईतली जीप’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेनं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर वापरलेली आणि आजोबांनी लिलावात घेतलेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शाळेत मी त्यावर निबंधही लिहिला होता.

मागच्या उन्हाळ्यात एक दलाल आला. म्हणाला, साधी जुनी जीप असेल तर भंगाराच्या थोडा वर भाव देतो, लढाईतली असेल तर त्याच्या तिप्पट. अशा जीपा जगात फार थोड्या बनल्या, म्हणून शौकीन लोक वाटेल ते मोजतात. मायनं फक्त एका कागदावर सही करायची, की ही गाडी सासऱ्यांनी सैन्याच्या लिलावात घेतली. समोरची जाळी वगैरे तो ‘पाहून घेणार’ होता. भावाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचं कर्ज. तो तयार झाला. मायनं मात्र मला फोन केला, “बाई, तू शिकलीस, तू पाहून सांग. मग सही करतो.”

तर मी शोधायला लागले.

१९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं बनवला, पण मोठी कामं मिळाली विलीज आणि फोर्ड या दोघांना. विलीजच्या मॉडेलचं नाव एमबी. फोर्डच्या मॉडेलचं जीपीडब्ल्यू, म्हणजे जी सरकारी कामाचा, पी पुढच्या-मागच्या चाकांमधल्या ८० इंच अंतराचा आणि डब्ल्यू विलीजचा, कारण नकाशा विलीजचा होता. फोर्डवाले इतके मानी, की आपल्या गाडीच्या बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवायचे. युद्ध संपेपर्यंत विलीजनं साडेतीन लाखांहून जास्त आणि फोर्डनं पावणेतीन लाखांहून जास्त जीपा बनवल्या. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर! दलालाचं ‘फार थोड्या’ तिथंच निकालात निघालं.

युद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल भारतात लिलावात निघाला, त्यात जीपा होत्या, हे खरं आहे. म्हणजे आमच्या घरची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. पण त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडत होती. विलीजनं १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जीप काढली. तिचं नाव सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप, साध्या नागरिकांची. इंजिनाच्या जोरावर मळणीयंत्र चालवायची सोय हवी असेल तर जादा पैसे भरून मिळायची. (आपल्या धानाच्या मुलखात ही सोय कोणी घेतली असेल तर मला जरूर सांगा.) आणि मुंबईत महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ मध्ये कंपनी काढली होती. गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४९ मध्ये तिनं विलीजच्या ७५ जीपांचे सुटे भाग मागवले. भाग पेट्यांत भरून जहाजानं यायचे आणि माझगावला जोडले जायचे.

मग गाडीचं नाव अमेरिकन की मुंबईचं? हा घोळ एकट्या जीपचा नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरोलेट गाड्या जोडल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तिथल्या डॉज किंग्जवे, प्लायमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तीन गाड्यांची नावं वेगळी, बिल्ले वेगळे, आत मात्र जवळपास एकच गाडी. एकीच्या नाकावर मेंढा, दुसरीच्या नाकावर जहाज. लेक एकच, सासरं बदलून नाव बदललेली. म्हणून जुन्या गाडीचा शोध घेणारे नाकावरचा बिल्ला शेवटी पाहतात. आधी लोखंडावर ठोकलेला चेसिस नंबर, मग पत्र्याची पाटी, मग कागद. आणि अमेरिकेत किती बनल्या हा आकडा मुंबईत जोडलेल्या गाडीला सरसकट लावत नाहीत.

हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि दिवाळीत माहेरी गेले. कोंबड्या हाकलल्या. पहिली खूण स्टिअरिंग. लढाईतल्या जीपांचं स्टिअरिंग डाव्या हाताला असायचं. आमचं उजवीकडे. भाऊ म्हणाला, नंतर बदललं असेल. ठीक. दुसरी खूण समोरची जाळी. लढाईतल्या जीपला नऊ फटी, नागरिकांच्या जीपला सात, कारण दिवे मोठे केले. आम्ही दोघांनी मोजल्या, सात. तिसरी खूण काच. जुन्या जीपला समोर दोन तुकड्यांची काच, आमची सलग. आणि चौथी खूण अशी, की तिच्यावर भाऊही गप्प झाला. आमच्या जीपचं बॉनेट उंच आहे, छातीशी येतं. १९५३ मध्ये विलीजनं सीजे-३बी काढली, तिचं नवं इंजिन जास्त उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत १९६८ पर्यंत अशा सुमारे १ लाख ५५ हजार बनल्या आणि तिथं ती बंद झाली. महिंद्रनं इथं ती पुढेही कित्येक वर्षं चालू ठेवली. लढाई संपली १९४५ ला. हे बॉनेट त्या लढाईत असूच शकत नाही.

घरात आरसी बुक होतं, पण तारखेचं पान वाळवीनं खाल्लेलं. मायनं रॉकेलचा बोळा आणला आणि डॅशबोर्डवरची रंगानं झाकलेली पाटी घासली. अर्ध्या तासानं एक शब्द उमटला, बॉम्बे.

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. जन्मभर ती आल्यागेल्याला लढाईचं सांगत आली. ती थोडा वेळ पाटीकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “म्हंजे मामंजीनं नवी घेतली होती. जुनी नाही.” आणि हसली. ते मला सुचलंच नव्हतं.

भाऊ रात्रभर कुरकुरला, त्याचं चूक तरी कसं म्हणू? हप्ता त्यालाच भरायचा होता. दलाल पुन्हा आला तेव्हा मायनं कोरा कागद परत दिला. तो म्हणाला, कोण तपासतंय? माय म्हणाली, “सही मी करतो ना? मग मले मालूम पाहिजे मी काय लिवलं ते.” तो पहिल्याच भावाला घेतो म्हणाला. तिनं तोही नाकारला. बॉनेट, काच, मूळ पाटी जागेवर असलेली जीप भंगाराच्या भावात का द्यायची?

चेसिस नंबर मी कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उतरवून घेतला. तो कागद आता सातबाराच्या डब्यात आहे. पण गाडी अजून आजोबांच्याच नावावर. मालक गेला की तीन महिन्यांत आरटीओत वारसाच्या नावासाठी अर्ज करायचा असतो, आमच्याकडे वर्षं उलटली. दंड किती लागेल ते विचारायला सोमवारी माय आणि मी गोंदियाला जाणार आहोत. काळीपिवळीनं.