गळ, सापळा आणि मोरी : शीळफाट्याच्या गोड्या पाण्यातली हौशी मासेमारी

शीळफाटा म्हटलं की आज आपल्याला आधी आठवतं ते ट्रॅफिक. मुंब्रा-पनवेल रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता जिथे भेटतात तो हा फाटा. आता त्याला आणखी एक ओळख मिळते आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा इथे वर येणार, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. आपला आजचा विषय मात्र मासे हा आहे. तेही खाडीतले, विकायला धरलेले नव्हेत. गोड्या पाण्यातले आणि हौसेनं धरलेले.

फाट्याच्या पश्चिमेला पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात त्याच्या उतारावरून उतरणारं पाणी शीळ, पडले, खिडकाळी, देसई या गावांच्या भातशेतांतून पसरायचं आणि ओढ्यांनी देसईच्या खाडीला जायचं. जूनमध्ये पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले, ओढे दुथडी वाहू लागले, की खालचे मासे उलटे वर चढतात. अंडी घालायला त्यांना नवं, उथळ, वाहतं पाणी हवं असतं, आणि भाताची खाचरं म्हणजे नेमकं तेच. यालाच आपल्याकडे वळगण म्हणतात, आणि मासे वळगणीचे किंवा चढणीचे. ठाणे-रायगडात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

वळगणीला रात्री बत्ती घेऊन निघायचं. कुणाकडे पाग, कुणाकडे नुसती गरी आणि गांडूळ. बांधाला जिथून पाणी पडतं तिथे बांबूचा सापळा लावून ठेवायचा. मरळ, शिवडा, शिंगटी, वाम, मळ्या, आणि सोबत मुठे. गिरणीतून किंवा रेल्वेतून सुट्टी काढून आलेला मामा, शाळकरी पोरं, शेताचा मालक, सगळे एकाच चिखलात. मिळालेलं घरी खायचं, शेजारी वाटायचं. बाजारात नेण्याइतकं मिळालं तरी ज्या रात्री मिळालं त्या रात्रीची मजा वेगळी. आम्ही याला हौशी मासेमारीच म्हणतो. पण हौशी मासेमारीचा इतिहास लिहिला गेला, त्यात या बत्त्या कुठेच नाहीत. असं का झालं, ते पाहू.

त्या इतिहासाची सुरुवात खरं तर आपल्याच माणसांच्या तोंडून झाली. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्याचा लष्करी अधिकारी. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणं हे त्याचं सरकारी काम होतं. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. नावं देताना त्यानं इथली बोली ऐकली आणि ती तशीच लॅटिनमध्ये बसवली. मुळा-मुठेतला महसीर त्याच्यामुळे ‘खुद्री’ झाला, आपला मळ्या ‘मुल्या’ झाला, कोळशी ‘कोलुस’ झाला. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात आज या माशांच्या बरणीवर हीच नावं असतात. नावं सांगणारे भोई, कोळी कोण होते, ते मात्र कुठे नोंदलेलं नाही.

मग येतं १८७३ साल. एकाच वर्षात दोन पुस्तकं निघाली. एक हेन्री सुलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’. थॉमस मद्रास इलाख्यात दक्षिण कानड्याचा कलेक्टर होता. महसीरला गळाला कसं लावायचं, दोरा केवढा, आमिष कुठलं, हे त्यानं इतक्या प्रेमानं लिहिलं की पुढच्या साहेबांचं ते पाठ्यपुस्तकच झालं. दुसरा फ्रान्सिस डे याचा सरकारी अहवाल, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा. डे पेशानं लष्करी डॉक्टर. त्याची मुख्य तक्रार अशी की नदीतले मासे कमी होतात कारण लोक अंडी घालणारे मासे आणि पिल्लं शेतांत, चरांत सापळे लावून मारतात. थॉमसचंही म्हणणं असंच होतं. म्हणजे गळाची गोडी लागलेला माणूस आणि कायदा मागणारा माणूस एकच होता!

१८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. सुरुंगानं आणि विष कालवून मासे मारणं हा गुन्हा ठरला, ते उत्तमच झालं. पण त्याच कायद्यात ‘स्थिर साधन’ अशी एक व्याख्या आहे : जमिनीत रोवलेलं किंवा एका जागी बसवलेलं, मासे पकडण्याचं कुठलंही जाळं, पिंजरा, सापळा. सरकारनं निवडलेल्या पाण्यात या साधनांवर नियम करता येतील, अशी तरतूद झाली. वेताची काठी हातात धरायची असते, म्हणून ती या व्याख्येत बसत नाही. बांधावरचा बांबूचा सापळा बसतो. एकाचा खेळ झाला, दुसऱ्याचा उपद्रव.

डे चुकीचा होता असं मात्र आम्ही म्हणणार नाही. वळगणीची मासळी गाभोळीनं भरलेली असते, म्हणून तर ती चवीला लागते. तिला चढतानाच धरलं की पुढचं पीक गेलं, हे खरंच आहे. वळगणीचं कौतुक करताना हा मुद्दा गिळून टाकणं बरोबर नाही.

आता डोंगरापलीकडे मुंबईत जाऊ. पवईचा तलाव १८९१ चा. मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून बांधला, पण पाणी पिण्यालायक निघालं नाही. पुढे १९३० च्या दशकात महापालिकेनं तो हौशी गळवाल्यांच्या संस्थेला भाड्यानं दिला. तीच आजची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन. परवाना, सभासदत्व, वजनाची नोंद, सगळं साहेबी शिस्तीनं. आणि गळाला लागणारा मासा कुठला? रोहू, कटला, मृगळ. कटला हा मुळात गंगेकडचा, मुद्दाम आणून सोडलेला.

इथे एक गंमत आहे. हे मासे बंद तलावात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांनाही पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणजे त्यांनाही वळगणच हवी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून, पुराशिवाय अंडी घालायला लावलं. तेव्हापासून बीज मुबलक झालं आणि कुठलाही तलाव भरता येऊ लागला. पुढे मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला खुद्री महसीरवर तसं काम केलं, आणि टाटांच्या वळवण धरणाजवळ महसीरचं केंद्र उभं राहिलं. तिथली पिल्लं देशभर गेली. खुद्री वाचला, कावेरीत मात्र तो सोडल्यावर तिथल्या मूळच्या कुबडा महसीरला जागा उरेनाशी झाली. त्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये, तोवर तो नष्ट होण्याच्या टोकाला आला होता. गळवाल्यांच्या लाडामुळे एक मासा तरला, दुसरा बुडाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

लाड न करता मासा राखण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे इथे शंकराचं देऊळ आहे, तिथल्या डोहातले महसीर कुणी धरत नाही. महाडजवळ वाळणकोंडीलाही तसंच. देवाचा मासा म्हटलं की विषय संपला. परवाना नको, कलम नको.

परत शीळफाट्याला येऊ. कल्याण-शीळ रस्ता सहापदरी झाला, खोणीकडे पलावासारखं शहर उभं राहिलं, शेतांवर भराव पडला. ओढा रस्त्याखालून जायचा तर मोरीतून जातो. माशाला चढायला सलग पाण्याची वाट लागते, थोडा उतार, थोडा आडोसा. मोरीचं तोंड खालच्या पाण्यापासून हातभर उंच राहिलं, किंवा पलीकडे खाचराऐवजी काँक्रीटचं गटार असलं, की चढण तिथेच थांबते. डेला ज्या सापळ्यांचा राग होता ते आज कुणी फारसे लावत नाही, कारण ते लावायला बांधच उरलेला नाही. १८९७ च्या कायद्यात मोरीची व्याख्या नाही.

तरी पावसात पुलावर गळ टाकून बसलेली पोरं दिसतात. फायबरची काठी, चायनीज रीळ, आमिषाला पावाचा गोळा. हाताला लागते ती बहुतेक चिलापी, १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेतला मासा. तिला ना पूर लागतो, ना खाचर. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, साचलेल्या डबक्यातही तिची वीण होते. वर चढायची वाट बंद झाली तरी तिचं काही अडत नाही.