पायातले वाळे आणि मुंबईचा पत्ता

बोईसर स्थानकावरून पश्चिमेला निघाले आणि तारापूरची औद्योगिक वसाहत मागे टाकली, की नवापूर, दांडी, उच्छेळी ही किनाऱ्याची गावे लागतात. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असते, होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागलेल्या असतात. अशा दिवसांत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर लहान लहान पक्ष्यांचे थवे धावताना दिसू लागतात. जून-जुलैमध्ये याच जागी बगळ्यांखेरीज फारसे कोणी नसते. आधी येतात ते चिखल्या आणि तुतवार. त्यांच्यापैकी काहींच्या छातीवर उन्हाळी तांबूस रंगाचे अवशेष अजून शिल्लक असतात. मग लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कोरल. दिवाळीच्या आगेमागे कुरव. बोंबील वाळवायच्या वलांड्या भरून जातात त्या दिवसांत हा सगळा किनारा पाहुण्यांनी गजबजलेला असतो. होळीनंतर हे पक्षी भराभर खाऊन लठ्ठ होतात, रंग बदलू लागतात, आणि एप्रिल सरता सरता त्यांतले बहुतेक नाहीसे होतात.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. 'थंडीचे पक्षी' म्हटले की झाले. पण हे पक्षी जातात कुठे, हा प्रश्न वर्गात एखाद्या मुलाने विचारला तर आपण चटकन 'सायबेरियात' असे उत्तर देतो. त्या उत्तरामागे किती खटाटोप आहे, याची आपल्याला सहसा कल्पना नसते.

जुन्या लोकांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे आज आपल्याला गमतीची वाटतात. थंडीत एका जातीचा पक्षी दुसऱ्या जातीत बदलतो असे अॅरिस्टॉटलने लिहून ठेवले. पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून हिवाळा काढतात, ही समजूत युरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकली. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसचाही तिच्यावर विश्वास होता. मात्र हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. शरद ऋतूत पाकोळ्यांचे थवे संध्याकाळी तळ्याकाठच्या वेतांत उतरतात आणि एका सकाळी तिथे एकही दिसत नाही. डोळ्यांना दिसले तेवढ्यावरून काढलेला हा निष्कर्ष होता. चूक निरीक्षणात नव्हती, तो तपासून पाहण्याचे साधन नव्हते.

आपल्याकडे 'मेघदूता'त पहिल्या पावसाबरोबर हंस हिमालयातल्या क्रौंचरंध्रातून मानस सरोवराकडे निघतात. यातली दिशा बिनचूक आहे. आपल्या जलाशयांवर हिवाळा काढणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्ट कादंब खरोखरच हिमालय ओलांडून तिबेट आणि मध्य आशियातल्या सरोवरांकडे जातो. महिना मात्र जुळत नाही. पट्ट कादंब आषाढाची वाट पाहत नाहीत, ते मार्च-एप्रिलमध्येच निघतात.

पहिला ढळढळीत पुरावा मिळाला तो १८२२ साली, आणि तोही अपघाताने. उत्तर जर्मनीत क्ल्युट्झ या गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून एक लांब बाण आरपार गेलेला होता आणि तो बाण आफ्रिकी बनावटीचा होता. म्हणजे हा पक्षी आफ्रिकेत जखमी झाला आणि मानेत बाण घेऊन परत आला. तो पेंढा भरलेला करकोचा आजही रोस्टॉक येथील विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

पण प्रत्येक पक्ष्याच्या मानेत बाण कसा असणार? आपणच त्याच्या अंगावर खूण करावी, हे डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या एका शाळामास्तरांनी मनावर घेतले. त्यांचे नाव हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन. १८९० साली त्यांनी दोन मैनांच्या, म्हणजे युरोपात आढळणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या, पायांत जस्ताची कडी घालून पाहिली. ती जड झाली. त्या काळी अॅल्युमिनियम हा धातू नुकताच स्वस्त होऊ लागला होता. १८९९ साली त्यांनी अॅल्युमिनियमची हलकी कडी करून १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अडकवली. त्यावर गावाचे नाव आणि क्रमांक कोरलेला होता. घरट्यासाठी ठेवलेल्या लाकडी पेट्यांना आपोआप मिटणारे दार बसवून ते पक्षी पकडत असत.

या युक्तीतली खरी गोम क्रमांकात आहे. त्यापूर्वी लोक थव्यांविषयी बोलत, आता एका विशिष्ट पक्ष्याविषयी बोलता येऊ लागले. मात्र तिच्यात एक मोठी अडचणही आहे. मास्तरांनी कडे घातले तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम शेकडो मैलांवरच्या एखाद्या अनोळखी माणसाने, शिकाऱ्याने, कोळ्याने किंवा गुराख्याने करायचे असते. त्याने ते कडे पाहायला हवे, त्यावरचे वाचायला हवे, आणि पत्र पाठवण्याचा त्रास घ्यायला हवा.

भारतात हे काम सुरू झाले ते १९२६ साली, मध्य भारतातल्या धार संस्थानात. तिथल्या पवार महाराजांनी बदकांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. त्यामागे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेला सापडलेल्या पक्ष्याची माहिती कळवावी, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कड्यांवर होता. तलवार बदक, थापट्या अशी ही पाहुणी बदके उन्हाळ्यात हिमालयापलीकडे जात. तिथल्या एखाद्या शिकाऱ्याला बदकाच्या पायात हे वाळे सापडले, तर त्याला आधी त्यावरची लिपी ओळखणारा माणूस शोधावा लागे. तरीही पत्रे येत. थोडी येत, पण येत.

तीस वर्षांनी या कामाला एकदम वेग आला, आणि कारण घडले एका तापाचे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) त्यामागचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडांमार्फत पसरत होता आणि रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. मग शंका आली, की सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तर हे दुखणे आले नसेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ च्या सुमारास पक्षी पकडून कडी घालण्याची मोठी मोहीम सुरू केली. जाळी लावण्याच्या कामी बिहारमधल्या मीरशिकारांचे पिढीजात कौशल्य उपयोगी पडले. पोटासाठी पक्षी पकडणारी ही माणसे पक्ष्याला इजा न करता त्याला सोडून देण्यातही तितकीच वाकबगार होती. त्यांची नावे शास्त्रीय निबंधांत फारशी येत नाहीत, याचे आम्हांला वाईट वाटते.

ताप पक्ष्यांनी आणला असा पुरावा काही मिळाला नाही. पण एवढ्या खटाटोपातून पक्ष्यांच्या येण्याजाण्याची माहिती भरपूर मिळाली. या कामाला पुढे अमेरिकी लष्कराच्या एका विभागाचा पैसा मिळत होता. त्यावरून १९७० च्या दशकात वृत्तपत्रांत आणि संसदेत बराच गदारोळ झाला. रोगजंतू पसरवण्याचे शास्त्र तर यातून शिकले जात नाही ना, अशी शंका घेतली गेली. शंका घेणाऱ्यांना सरसकट वेडे ठरवणे बरोबर नाही. संशोधनाचा पैसा कुठून येतो, हे विचारणे नागरिकांचे कामच आहे. मात्र त्या धुरळ्यात मूळ प्रश्न काही काळ बाजूला पडला, हेही खरे.

कड्यांनी शिकवलेल्या गोष्टींपैकी एक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पक्षी 'दक्षिणेकडे कुठेतरी' जात नाही. वाटेतली विसाव्याची ठिकाणे ठरलेली असतात आणि अनेक जातींचे पक्षी वर्षानुवर्षे त्याच तळ्यावर, त्याच खाजणावर परततात. चिखलावरच्या कित्येक जातींत तर आईबाप आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्ले मागाहून, कोणी वाट दाखवणारे नसताना, त्याच दिशेने येतात. वाट साखळीसारखी असते. एक कडी तुटली की काय होते, ते भरतपूरला दिसले. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे २०० सायबेरियन क्रौंच उतरले होते. पुढे ही संख्या घटतच गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यातली जोडी अखेरची ठरली. भरतपूर तोवर राष्ट्रीय उद्यानही झाले होते आणि जागतिक वारसास्थळही. शेवटचे ठिकाण राखले गेले, पण अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या वाटेवर शिकार होत राहिली आणि तिथली तळी आटली.

उलटही घडते, माणसाने नकळत नवी कडी जोडलेली असते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. गाळ साचून पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा तोटाच. पण बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना नेमके असेच पाणी लागते. दांडीचा किनारा भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतो, तर हे तळे पावसाच्या. पावसाळ्यात ते गढूळ पाण्याने भरून वाहते, दिवाळीनंतर पाणी निवळून कडेचा चिखल उघडा पडतो तशी बदके उतरतात, डिसेंबर-जानेवारीत त्यांच्यावर घिरट्या घालणारे भोवत्या दिसतात, आणि मार्चमध्ये पाणी रिकामे होऊ लागते. १९८६ साली हे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत त्याचा समावेश जाहीर झाला, महाराष्ट्रातले असे पहिलेच स्थळ.

आता कड्याच्या जोडीला पक्ष्याच्या पाठीवर बसणारे चिमुकले यंत्र आले आहे. ते उपग्रहाद्वारे आपला ठावठिकाणा स्वतःच कळवते. २०१३ साली नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांवर अशी यंत्रे बसवली, तेव्हा हे कबुतरापेक्षा लहान पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला पोचल्याचे नकाशावर दिसले. २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर यंत्रे बसवली आणि त्यांचे गुजरातशी असलेले नाते दिसले. ठाणे खाडीहून गुजरातकडे जाणारा किनारा म्हणजे आपला पालघरचाच किनारा.

म्हणून या किनाऱ्याचे काय होते, हा प्रश्न इथल्यापुरता राहत नाही. तारापूर वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल कारखान्यांना भरपाई द्यायला लावणारा निर्णय दिला. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. मासेमाऱ्यांचे म्हणणे अशा ठिकाणी ऐकू येते, कारण ते बोलू शकतात. पक्ष्यांची बाजू मांडायला आकडे लागतात. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात स्थलांतर करणारे किनाऱ्यावरचे पक्षी घटत असल्याचे दिसले. त्या नोंदी करणाऱ्यांत शास्त्रज्ञ थोडे आणि तुमच्या-आमच्यासारखेच लोक जास्त आहेत. जानेवारीत आशियाभर होणारी पाणपक्ष्यांची गणतीही १९८७ पासून अशाच माणसांच्या जोरावर चालू आहे.

किनाऱ्याजवळच्या शाळेला हे काम अवघड नाही. दुर्बीण एक असली तरी चालते, पंचांग मात्र हवे. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार तिथींचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. (चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. पाऊण तास तो हाच.) तेव्हा शुद्ध किंवा वद्य चतुर्थीला मुलांना दहा वाजता किनाऱ्यावर न्यावे. पाणी चढू लागले की दूरवर पांगलेले पक्षी आपोआप जवळ येतात. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजावेत, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरावे, आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहावे. वहीत तारीख, तिथी, वेळ, भरतीची अवस्था आणि संख्या लिहावी. एकही पक्षी दिसला नाही तर 'शून्य' लिहावे, पान कोरे सोडू नये.

आणि कधी एखाद्या पक्ष्याच्या पायात वाळे दिसलेच, तर जिवंत पक्ष्याच्या पायातून ते काढू नये. क्रमांक आणि अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, जमल्यास छायाचित्र काढावे. रंगीत पट्टी असेल तर तिचा रंग आणि ती डाव्या पायात आहे की उजव्या, हेही लिहावे. ठिकाण व तारखेसह ही माहिती मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावी. मेलेल्या पक्ष्याच्या पायात वाळे आढळले, तर पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श न करता तेवढीच माहिती कळवावी. वाळे कोणी, कधी आणि कुठे घातले होते, हे त्यांच्याकडून कळले म्हणजे ते उत्तर वर्गातल्या जगाच्या नकाशाशेजारी लावून ठेवावे.