क्षितिज, कॉस्मस आणि कल्याण

समुद्रकिनारी उभ्या राहिलेल्या माणसाला क्षितिज फार दूर असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते तासाभराच्या चालीवर असते. डोळे पाण्याच्या पातळीपासून १.७ मीटर उंचीवर असतील, तर क्षितिजाचे अंतर सुमारे ४.७ किलोमीटर भरते. आपली दृष्टी तेथे थकते म्हणून क्षितिज तेथे आहे, असे नव्हे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभाग आपल्यापासून चहूबाजूंनी खाली वळत जातो. डोळ्यापासून निघालेली सरळ रेषा ज्या ठिकाणी पाण्याला केवळ स्पर्श करून पुढे निघून जाते, ते क्षितिज. त्यापलीकडचे पाणी त्या वळणाआड दडलेले असते.

याचा हिशेब सोपा आहे. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ३.५७ ने गुणावे. किलोमीटरमधील अंतर मिळते. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होते. १०० मीटर उंचीच्या टेकडीवरून सुमारे ३६ किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतात, त्यामुळे या अंतरात साधारण आठ टक्क्यांची भर पडते. दूरवर मासेमारी करून परतणाऱ्या आमच्या कोळी बांधवांना वसईचा किनारा दिसण्याआधी तुंगारच्या डोंगराचा माथा दिसतो, तो याच कारणाने.

हे ज्ञान नवे नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने चंद्रग्रहणातील पृथ्वीच्या सावलीवरून तिचा गोल आकार सिद्ध केला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत टॉलेमीने समुद्रप्रवाशांचा दाखला दिला: डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या गलबतावरून तो डोंगर पाण्यातून हळूहळू वर येत असल्यासारखा दिसतो, कारण पाण्याच्या फुगवट्याने तो आधी झाकलेला असतो. आपल्या देशात आर्यभटाने ४९९ साली पृथ्वीच्या गोलाला कदंबाच्या फुलाची उपमा दिली.

आणि तरीही, टॉलेमीच्या त्याच अलेक्झांड्रियात, आर्यभटानंतर सुमारे अर्ध्या शतकाने एका ख्रिस्ती ग्रंथकाराने पृथ्वी सपाट असल्याचे आग्रहाने प्रतिपादन केले. त्याचे नाव कॉस्मस. ‘इंडिकोप्लूस्टिस’, म्हणजे भारताकडे जलप्रवास करणारा, हे त्याचे उपनाम. ‘ख्रिस्ती भूवर्णन’ या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, मोशेने उभारलेला निवासमंडप ही विश्वाची प्रतिकृती आहे. म्हणून पृथ्वी लांबीने रुंदीच्या दुप्पट असा सपाट चौकोन होय. आकाश तिच्यावर छतासारखे आहे. आणि उत्तरेकडील एका प्रचंड पर्वताआड सूर्य गेला की रात्र होते. हा मनुष्य घरकोंबडा नव्हता. तो व्यापारी होता, समुद्र ओलांडलेला होता. किनारा बुडताना आणि वर येताना त्याने कितीदा तरी पाहिला असेल. पण पवित्र शास्त्राचा अर्थ त्याने आधीच ठरवून ठेवला होता, आणि डोळ्यांनी दिलेल्या साक्षीला त्या अर्थापुढे स्थान उरले नव्हते.

आम्हां उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांना हा कॉस्मस दुसऱ्याच कारणाने परिचित आहे. सिंहलद्वीपात ख्रिस्तमंदिर आहे, जेथे मिरी पिकते त्या ‘माले’ प्रांतात ख्रिस्ती लोक आहेत, आणि ‘कॅलिआना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असे तो लिहितो. कॅलिआना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात, जरी त्याबाबत पूर्ण एकमत नाही. त्या बंदरातून तांबे, लाकूड आणि कापड बाहेर जाते, असेही तो नमूद करतो. पोर्तुगीज येण्याच्या हजार वर्षे आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती समाज होता, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमचा एक प्रमुख आधार हा कॉस्मसच असतो.

मग अशा साक्षीदाराचे आम्ही काय करावे? त्याच्या सपाट पृथ्वीवर मौन पाळून कल्याणची ओळ तेवढी उचलणे प्रामाणिकपणाचे नाही. सपाट पृथ्वीपायी ती ओळही टाकून देणे शहाणपणाचे नाही. बंदरोबंदरी काय आहे हे सांगताना तो व्यापाऱ्याच्या जाणकारीने बोलतो. तेथे खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ नव्हता. विश्वाचा आकार सांगताना मात्र तो पाहिलेले सांगत नाही, तर निष्कर्ष लादतो. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन गोष्टींचे मोल वेगवेगळे आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

कॉस्मसचे मत हे चर्चचे मत होते, असा समज आजही काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियसनेही गोल पृथ्वीची थट्टा केली होती, हे खरे. परंतु कॉस्मसच्याच काळी, त्याच्याच नगरीत जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती विद्वानाने गोल पृथ्वीचा पक्ष मांडला. मोशेचा हेतू लोकांना देवाची ओळख करून देण्याचा होता, निसर्गशास्त्र शिकविण्याचा नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. संत ऑगस्टीन यांनी तर त्यापूर्वीच बजावले होते की, निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून त्यास शास्त्राचा आधार देणारा ख्रिस्ती मनुष्य शास्त्रालाच हास्यास्पद करतो. आठव्या शतकात संत बीड यांनी पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचे लिहिले. आणि सेमिनरीत ज्यांच्या ग्रंथावर आम्ही वाढलो, त्या संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’च्या पहिल्याच प्रश्नात पृथ्वीचे गोलत्व हे सर्वमान्य उदाहरण म्हणून घेतले आहे: खगोलज्ञ ते एका मार्गाने सिद्ध करतो, निसर्गशास्त्रज्ञ दुसऱ्या.

क्षितिजाचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र एका मुसलमान विद्वानाने केला. अकराव्या शतकात गझनीच्या महमूदाबरोबर हिंदुस्थानात आलेल्या अल् बिरूनीने पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची मोजली. ती ६५२ हातांहून किंचित अधिक भरली. माथ्यावर चढून, समोरच्या मैदानाचे क्षितिज समपातळीच्या किती खाली दिसते तो कोन त्याने पाहिला. तो ३४ कला होता. या दोन मापांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. कॉस्मसला जी रेषा अडथळा वाटली असती, तिलाच अल् बिरूनीने मापनदंड बनविले.

आमच्या समाजाचा प्राचीन इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे: कॉस्मसची कल्याणविषयीची ओळ जरूर उद्धृत करा, पण त्याचा उरलेला ग्रंथ झाकून ठेवू नका. आपल्या पूर्वजांविषयीचे सत्य सपाट पृथ्वीच्या शेजारी लिहिलेले सापडले, म्हणून त्याला बाध येत नाही. ते लपविल्याने मात्र येतो.