डब्यातली मऊ वडी : घरगुती ग्रॅनोला बार

शाळेच्या मधल्या सुटीतल्या डब्यात अलीकडे पोळी-भाजीच्या शेजारी चकचकीत कागदात गुंडाळलेली एक लांबट वडी हमखास आढळू लागली आहे. वेष्टनावर ओट्सची कणसे, मधाचा थेंब आणि 'पौष्टिक' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. बिस्किटापेक्षा हे बरे, असे समाधान आई-वडील करून घेतात, आणि मुलांनाही ती चॉकलेटइतकीच प्रिय असते. ती चॉकलेटइतकी प्रिय का आहे, हा प्रश्न मात्र आपण वेष्टन उलटे करून पाहिल्याशिवाय सुटत नाही.

घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. यादीत पहिले नाव ओट्सचे दिसले की आपण निश्चिंत होतो. परंतु त्यानंतर येणारी नावे सावकाश वाचावीत : ग्लुकोज सिरप, साखर, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, मध. ही पाचही साखरेचीच रूपे. प्रत्येकाचे वजन वेगवेगळे मोजल्यामुळे ती खाली जातात. एकत्र मोजली तर कित्येकदा ओट्सशी बरोबरी करतील. भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनी एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन आकडे पोषणतक्त्यात वेगवेगळे देणे बंधनकारक केले आहे. खरेदी करताना आधी तो दुसरा आकडा पाहावा. समोरच्या बाजूचे चित्र नंतर पाहिले तरी चालते.

मुळात ग्रॅनोला हा पदार्थ गोड नव्हताच. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल येथे आरोग्यधाम चालविणारे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी 1863 मध्ये जाड गव्हाच्या पिठाच्या पोळ्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' नावाचा न्याहारीचा पदार्थ तयार केला. तो इतका कडक असे की रात्रभर दुधात भिजविल्याखेरीज खाता येत नसे. मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच पदार्थाला तेच नाव दिले. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' हे नाव रूढ झाले. पुढे हा पदार्थ विस्मरणात गेला आणि 1960 च्या दशकात प्रस्थापित जीवनशैली नाकारणाऱ्या अमेरिकी तरुणाईने ओट्स, मध आणि सुकामेवा घालून त्याला नवा अवतार दिला. 1975 मध्ये 'नेचर व्हॅली' या नावाने त्याची कुरकुरीत वडी बाजारात आली. मऊ, चिवट वडी त्यानंतरची, आणि ती आली तीच मुख्यत्वे मुलांच्या डब्यासाठी.

मराठी घराला वडी काही नवी नाही. लोणावळ्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, संक्रांतीची तिळाची वडी हे सारे एकाच कुळातले : भाजलेले धान्य किंवा दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा पाक. म्हणूनच ग्रॅनोला बार आपल्याला सहज जमेल, अशा आत्मविश्वासाने प्रस्तुत लेखकाने पहिल्यांदा तो घरी केला. पाक चिक्कीसारखा केला, गूळही चिक्कीचाच वापरला. परिणामी जी वस्तू तयार झाली ती कापायला सुरी अपुरी पडली आणि शेवटी बत्त्याचा आश्रय घ्यावा लागला. मुलाने डबा जसाच्या तसा परत आणला, हे वेगळे सांगायला नकोच.

चूक होती ती पाकाच्या समजुतीत, आणि या पदार्थाचे सारे मर्मही तेथेच आहे. साखर किंवा गूळ पाण्यासह उकळू लागला की पाणी उडून जाते आणि उरलेल्या पाकाचे तापमान चढत जाते. सुमारे 112 ते 116 अंश सेल्सिअसला पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यास मऊ गोळी होते; बोटांनी दाबली की ती चपटी होते. 146 ते 154 अंशांच्या दरम्यान पाकात पाणी जेमतेम उरते. थेंब पाण्यात पडताच कडक होतो आणि वाटीत टाकला तर टणकन वाजतो. ही चिक्कीची अवस्था. मऊ वडीसाठी पहिल्या अवस्थेतच थांबायचे असते. घरात साखरेचा तापमापक असेल तर उत्तमच. नसल्यास गार पाण्याची वाटी जवळ ठेवावी. आपल्या आज्यांनी याच वाटीवर आयुष्यभर भरवसा ठेवला.

गुळाची निवडही तितकीच महत्त्वाची. बाजारात 'चिक्कीचा गूळ' म्हणून मिळतो तो मुद्दाम टणक, कोरडा होणारा असतो. तो येथे नको. नेहमीच्या जेवणातला मऊ, पिवळसर-तपकिरी गूळ घ्यावा. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या सुट्या शर्करांचे प्रमाण अधिक असते. त्या हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि साखरेचे खडे बनू देत नाहीत. मधाचे कामही हेच. कारखान्यात त्याऐवजी ग्लुकोज सिरप आणि ग्लिसरीन वापरतात. घरी मध, मऊ गूळ आणि खजूर या तिघांवर काम भागते. खजुराचा गर तर स्वतःच चिकट आणि तंतुमय असल्याने पाक कमी घालूनही वडी धरून राहते.

मध तापवू नये असे आयुर्वेद सांगतो, आणि हा आक्षेप अनेक घरांत हमखास निघतो. ज्यांना तो पाळायचा आहे त्यांनी मधाऐवजी तितकीच काकवी घ्यावी. चव थोडी गडद होते, एवढेच.

साहित्य (सोळा वड्यांसाठी) : सपाट केलेले जाड ओट्स 200 ग्रॅम, बिनमिठाचे कुरमुरे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या 30 ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट 60 ग्रॅम, तीळ 25 ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर 100 ग्रॅम, बेदाणे 40 ग्रॅम, चिरलेला गूळ 80 ग्रॅम, मध 60 ग्रॅम म्हणजे सुमारे तीन मोठे चमचे, साजूक तूप 45 ग्रॅम, पाव चमचा मीठ, थोडी वेलचीपूड. मसाला घातलेल्या पाकिटांतले ओट्स अर्थातच चालणार नाहीत. झटपट शिजणारे बारीक ओट्सही टाळावेत. त्यांचा भुगा होऊन वडीला पिठूळपणा येतो.

ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटे, खमंग वास येईपर्यंत परतावेत. ही पायरी गाळू नये. कच्च्या ओट्सची वडी चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तीळ वेगळे भाजावेत, कारण ते लवकर तडतडतात. कुरमुरे नुसते गरम करून कुरकुरीत करून घ्यावेत. भाजलेल्या ओट्सपैकी साधारण चौथा हिस्सा मिक्सरमधून फिरवून त्याचे पीठ करावे. हे पीठ मोकळ्या दाण्यांमधल्या फटी बुजविते आणि वडी कापताना तुटत नाही. सारे कोरडे जिन्नस, बेदाणे, मीठ आणि वेलची मोठ्या परातीत एकत्र करून ठेवावी.

आता तुपात बारीक चिरलेला खजूर घालून मंद आचेवर पळीने रगडत राहावे. चार-पाच मिनिटांत त्याचा मऊ गोळा होईल. तो बाजूला काढून त्याच कढईत गूळ, मध आणि एक चमचा पाणी घालावे. गूळ विरघळून सगळीकडे बुडबुडे येऊ लागले की मिनिटभराने पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहावा. मऊ गोळी जमली की लगेच आच बंद करावी. या टप्प्यावर फोन उचलू नये. अर्ध्या-एक मिनिटाच्या फरकाने वडीची चिक्की होते. खजुराचा गोळा पाकात मिसळावा आणि हे मिश्रण परातीतल्या जिन्नसांवर ओतून गरम असतानाच लाकडी पळीने हलवावे. प्रत्येक दाण्याला पाक लागला पाहिजे. उकळता पाक हाताला लागला तर चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. मुलांना मदतीला घ्यायचे असेल तर खजुराच्या बिया काढण्याचे आणि शेवटी वड्या गुंडाळण्याचे काम द्यावे; शेगडीपासून त्यांना लांबच ठेवावे.

वीस सेंटिमीटर चौरस केकच्या भांड्यात बटर पेपर पसरून त्यावर मिश्रण ओतावे आणि तूप लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने दाबावे. चांगले जोर लावून दाबावे, विशेषतः कोपरे. घरी केलेली वडी भुरभुरते त्याचे कारण दहापैकी आठ वेळा पाक नसून हे अर्धवट दाबणे असते. चिक्की गरम असतानाच कापतात. येथे नेमके उलट करायचे. भांडे दोन तास तसेच ठेवावे, मग अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि त्यानंतरच कागदासह बाहेर काढून धारदार सुरीने वरून खाली दाबत कापावे. सुरी पुढे-मागे ओढू नये. दोन रांगांत आठ-आठ, अशा बोटाएवढ्या सोळा वड्या होतात.

एवढे करूनही वड्या फारच मऊ राहिल्या तर पाक कमी शिजला असे समजावे; मिश्रण पुन्हा कढईत घालून मंद आचेवर दोन मिनिटे परतून परत थापता येते. कडक झाल्या तर मात्र उपाय थोडा. त्या कुटून सकाळच्या दुधात घालाव्यात. डॉ. जॅक्सन यांच्या पाहुण्यांनी दुसरे काय केले होते?

आता हिशेब. अशा एका वडीतून साधारण दीडशे ते पावणेदोनशे उष्मांक मिळतात. गूळ आणि मध मिळून वरून घातलेली साखर सात-आठ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे, आणि खजूर-बेदाण्यांतला गोडवा त्याव्यतिरिक्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनेनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली आणता आली तर अधिक बरे. या गणनेत मधही साखरच धरला जातो. दिवसाला पंधराशे उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे 37 आणि 18 ग्रॅम होतात. म्हणजे घरची एक वडी त्या कडक मर्यादेतला निम्म्याच्या आसपासचा वाटा खाऊन टाकते. गुळात थोडे लोह असते म्हणून तो साखरेहून निराळा, ही आपली लाडकी समजूत या हिशेबात फारशी उपयोगी पडत नाही. घरगुती वडीचा खरा फायदा हा, की गोडाचे माप आपल्या हातात असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गूळ 60 ग्रॅमवर आणून खजूर थोडा वाढवावा. मुलांच्या लक्षातही येत नाही. चॉकलेटचे तुकडे घालायचा हट्ट झाला तर मिश्रण कोमट झाल्यावर एक मोठा चमचा वरून पेरावा.

काही बाबतींत मात्र तडजोड नको. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही स्वरूपात देऊ नये. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजुके असू शकतात, आणि घरातल्या आचेवर ती मरत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांच्या वडीत अख्खे दाणे किंवा अख्खे बदाम घालू नयेत. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. वरच्या कृतीत दाण्यांचे कूट घेतले आहे ते याचसाठी. अशा वयाच्या मुलाने वडी बसून, मोठ्यांच्या नजरेसमोर खावी.

शेंगदाण्याची अॅलर्जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, पण ती असते, आणि ज्या मुलाला असते त्याच्यासाठी वर्गमित्राच्या डब्यातला एक घासही जिवावर बेतू शकतो. मुले डबे वाटून खातात, आणि खावेतही. म्हणून वर्गात असे कोणी आहे का, याची शिक्षकांकडे चौकशी करावी आणि असल्यास दाणे वगळून त्याच वजनाच्या सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया घ्याव्यात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही शिस्त परिचित आहे; तेथील अनेक शाळा डब्यात दाणे आणू देत नाहीत. तीळही निर्धोक समजू नयेत. 1 जानेवारी 2023 पासून त्या देशात तिळाचा समावेश प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थांत झाला असून वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो.

चिकट गोड पदार्थ दातांच्या फटींत रेंगाळतो, हा या वडीचा आणखी एक दोष. त्यामुळे ती जेवणाबरोबर द्यावी, येता-जाता चघळायला नव्हे, आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरण्याची सवय लावावी.

वड्या एकेक करून बटर पेपरमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवल्यास कोरड्या हवेत आठवडाभर टिकतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तीन दिवसांतच त्यांना पाझर फुटतो, आणि मे महिन्यात तूप सुटते. या दोन्ही ऋतूंत डबा फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी शाळेचा डबा भरताना वडी बाहेर काढली, की मधल्या सुटीपर्यंत ती पुन्हा मऊ झालेली असते.