मातीचे मावळे, मातीचे बैल

दिवाळीत अंगणी किल्ला रचून त्यावर मातीचे चिमुकले मावळे मांडण्याची हौस आम्ही महाराष्ट्रातून बरोबर आणली. पंडरीत ते स्वार रंगविताना मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडात आले, ते हा मुलूख जिंकावयास. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले.

पोळ्याचे तसे नाही, तो दोन्हीकडचा. श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुले लाकडी बैल सजवितात. त्या अमावास्येसच, येथील पंचांगाप्रमाणे भाद्रपदात, छत्तीसगडी मुले चाकांचा मातीचा नांदिया बैल ओढीत हिंडतात. आमच्या मुलांनी मावळ्यांसोबत तो नांदियाही येथल्याच मातीतून स्वहस्ते घडवावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची इच्छा.